तोफकाकूंचं भांडण

तोफकाकू भांडत असल्या की दुसरी बाजू कधी ऐकूच यायची नाही. “अहो, पुन्हा सदरा उलटा घातला काय जी? अन् वर म्हणता मीच घालून दिला?” असा आवाज भिंत फोडून आमच्या स्वयंपाकघरात येई आणि पोळी लाटता लाटता सासूबाई म्हणत, “बिचारा! एक शब्द बोलत नाही.” आमची महाल भागातली सगळी गल्ली काकूंच्या नवऱ्याला बिचाराच म्हणायची. उन्हाळा लागला की लाटसाहेब आपलं सरकार गुंडाळून थंड हवेच्या पचमढीला जात. काकूंचा तोफखाना मात्र बारा महिने महालातच मुक्कामाला.

मी कळमेश्वरची, नुकतीच लग्न होऊन आलेली. सासूबाईंनी आल्या आल्या ताकीद दिली, “तिच्या वाऱ्याले उभी राहू नको वं. नवऱ्याची नोकरी खाल्ली तिनं.” काका कचेरीत चांगल्या जागेवर होते म्हणे, पण मुदतीआधीच पेन्शन घेऊन घरी बसले. का, तर काकूंनीच विहिरीवर सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, “मीच सोडायले लावली. घरी पाणी भराले माणूस नको काय?” ही गोष्ट पुरुषमंडळी ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा चघळत आणि उठताना आपापल्या बायकोवर जरा खूश होऊन घरी जात.

काका देवळात निघाले तरी त्यांच्या उपरण्याचं एक टोक काकूंच्या मुठीत असे. वाटेत कोणी “काय, बरं आहे ना?” म्हणून विचारलं तर काकांनी तोंड उघडायच्या आत काकू सुरू, “बरं नसायले काय झालं? दोन वेळा जेवते, दुपारी झोपते!” विचारणारा हसत पुढे निघून जाई. काकाही हसत. मला वाटे, काय हा सहनशील माणूस!

एका दुपारी घरात विरजण संपलं. सासूबाई झोपल्या होत्या, म्हणून मी वाटी घेऊन मागच्या दाराने काकूंकडे गेले. काका पाटावर बसले होते आणि काकू त्यांना घास भरवत होत्या. आवाज इतका हळू की मला वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय. “हे वरण. हा भात. मी तुमची बायको. शांता आपली पोरगी.” काका शहाण्या मुलासारखी मान डोलवत होते. एवढ्यात गल्लीत चपला वाजल्या. काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि कडाडल्या, “पुन्हा मीठ कमी म्हणता काय जी? मग उद्यापासून तुम्हीच करा!” लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या, “घ्या, एवढा घास घ्या.”

मला पाहून त्या रागावल्या नाहीत. जवळ बसवून म्हणाल्या, “सगळं विसरून राहिले वं हे. नोकरी म्हणूनच सोडली. शांतेचं लग्न व्हायचं आहे. बापाले वेड लागलं म्हणून बोभाटा झाला तर पोरीले कोण करून घेईल? बायकोले भ्यायलेला माणूस मात्र कोणाच्याही घरी चालते.”

“अन् तुमचं नाव खराब होते ते?”

“माझं लग्न झालं ना!” काकू म्हणाल्या, आणि खो खो हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांची.

वर्ध्याचे पाहुणे शांताला बघायला आले तेव्हा पाटवड्या वाढायला मीच होते. मुलाच्या वडिलांनी काकांना विचारलं, “आपलं मूळ गाव कोणतं?” काका विचारात पडले. “त्यांना काय विचारता जी?” काकू म्हणाल्या. “घरात मीठ कुठे असते ते सांगता येत नाही, गाव काय सांगतील? मले विचारा.” पाहुणे हसले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तेवढ्यात काकांनी शांताकडे टक लावून पाहिलं. मग मुलाच्या वडिलांच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरगी चांगली आहे. आपण होकार देऊन टाकू.”

माझ्या हातातली ताटली खाली पडायचीच राहिली. शांता पांढरीफटक. काकूंनी मात्र कपाळावर हात मारला. “ऐका! स्वतःच्या पोरीचं लग्न, अन् हे मुलाच्या बाजूनं बोलून राहिले! माझ्या भीतीनं माणसानं पक्षच बदलला पहा!”

मुलाचे वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आमच्याकडेही हेच आहे जी,” ते काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. “लग्न झालं का या वर्ध्याले. दोघं मिळून गप्प बसू.” त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यावरून ते खरंच बोलत होते. तिथेच सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर काकू चुलीपाशी जाऊन बसल्या. “मले पाणी दे वं,” एवढंच म्हणाल्या.

शांता वर्ध्याला सुखाने नांदू लागली. पुढे एका हिवाळ्यात काका गेले. तिरडी बांधताना अंगणात कोणीतरी म्हणालं, “सुटला बिचारा!” आणि चार जणांनी माना डोलावल्या. मला राहवेना. शांता मार्गी लागली होती, आता कसली भीती? मी तोंड उघडलं तोच काकूंनी माझं मनगट दाबलं. “म्हणू दे,” त्या पुटपुटल्या. “लोकांच्या लेखी यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तेवढं राहू दे.” मी रडले. फार रडले. गल्लीतल्या बायकांना नवल वाटलं, हिला एवढं काय झालं?

तेरावं झाल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसलो होतो. काकू आपणहून बोलल्या.

“जायच्या आदल्या दिवशी मी यांच्या कपाळावरून हात फिरवून राहिली होती. तर मले म्हणतात कसे, ‘बाई, तुम्ही फार चांगल्या आहा, पण हळू बोला. आमची मंडळी ऐकेल. मोठी तापट आहे.’ मी म्हटलं, ‘एवढी तापट आहे तर सोडून काहून नाही दिलं जी?’ तर म्हणे, ‘छे, छे! तिचा आवाज आला का मले समजते, आपण घरीच आहो.’”