बारीक अक्षरं वाचणारे जावई

देवानं माणूस जन्माला घालताना प्रत्येकाच्या मुठीत अटींचा एक कागद दिला असणार, आणि तो कागद शेवटपर्यंत वाचलेला माणूस पृथ्वीवर एकच, ते आमचे जावई. बाकी आपण सगळे न वाचताच रडत बाहेर आलो. मुरुमचं हे स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, कॉम्प्युटरवरचा, एवढंच आम्हाला सांगितलं. वाचायची खोड कुणी सांगितली नाही. लग्नात अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि नवरदेव गायब. बघतो तर मंडपवाल्याच्या पावतीची मागची बाजू वाचत उभे. मला म्हणाले, "मामा, वाऱ्यानं मंडप पडला तरी भाडं पूर्ण द्यायचं, असं लिहिलंय यात. तुम्हाला ठाऊक होतं का?" मी म्हटलं, "पाव्हणं, मंडप उभा हाय. तुम्ही आधी नवरीजवळ उभं ऱ्हावा." खताचं पोतं असो की खोकल्याची बाटली, बारीक अक्षर दिसलं की यांचा चष्मा वर सरकलाच. फोनवर 'मान्य आहे' म्हणून बटण येतं, ते सगळं जग डोळे झाकून दाबतं. हे तिथं चहा मागवून बसतात.

दुसरी खोड याहून अवघड. कुठली गोष्ट मूळ कुणाची, हे सांगितल्याशिवाय ती वापरायचीच नाही. एकदा पाहुण्यांत गप्पा रंगल्या होत्या. यांनी विनोद सांगायला घेतला आणि सुरुवातच केली, "हा विनोद सदूअण्णांचा, परवा पारावर ऐकला, शेवटी थोडा बदल मी केलाय." त्यानंतर काय हसणार माणूस? सदूअण्णा तेवढे हसले.

धंदाही स्वभावाला शोभणारा. कळंबला खताच्या दुकानावर एक खोली घेऊन हे आणि दोन भागीदार नकाशाचं सॉफ्टवेअर करायचे. गाडीवाल्यानं फोन उघडायचा, कुठल्या वस्तीला कुठून जायचं ते फोन सांगणार. त्यातला बराचसा माल ओपन सोर्स, म्हणजे कुणीतरी लिहून जगाला खुला केलेला. नकाशाही तसाच, हजारो लोकांनी मिळून काढलेला. मी सरळ विचारलं, "फुकट आणता अन् इकता कसं? ही कुठली रीत?" ते म्हणाले, "मामा, रस्ता सगळ्यांचा आहे म्हणून टेम्पोवाला भाडं घ्यायचा राहतो का? मी रस्ता विकत नाही, भाडं घेतो." उत्तर बरं होतं. पण तसं मी दाखवलं नाही, जावयाला फार चढवू नये.

खुल्या मालालाही परवाना असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काही माल असा, की घ्या, विका, फक्त मूळ माणसाचं नाव ठेवा. काही असा, की तुम्ही सुधारणा करून लोकांना दिलीत तर ती सुधारणाही खुली ठेवा. आणि काहींवर काहीच लिहिलेलं नसतं. आपण म्हणू, हे सगळ्यात बरं. जावई म्हणतात, हेच सगळ्यात वाईट, कारण काही लिहिलं नाही म्हणजे परवानगीच दिलेली नाही. असाच एक बिनअटीचा तुकडा भागीदारानं सॉफ्टवेअरमध्ये बसवला होता, फोन फिरवला की नकाशा फिरायचा. यांनी तो उपसून काढला आणि तेच काम नव्यानं लिहीत बसले. आमची लेक सुनंदा मला म्हणाली, "आबा, बाजारात तयार पीठ मिळतंय अन् हे जात्यावर बसलेत."

मग धोंड्याचा महिना आला. या अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालून वाण द्यायचं. आम्ही अंगठीचं बघत होतो. हे म्हणाले, "मामा, अंगठी नको. तुमच्या ईट गावच्या शिवारातल्या पाणंदी आणि पायवाटा फिरून दाखवा, त्यांची नावं सांगा. पण एक आहे, ती मी सगळ्यांच्या नकाशात टाकणार. एकदा दिली की परत घेता येणार नाहीत. चालेल?" मी चहा पीत होतो. म्हटलं, व्हय व्हय.

शिवार माझ्या पायाखालचं आहे. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो असेन, पण कुठल्या बांधावरून बैलगाडी जाते नि कुठं रुतते, ते मला विचारावं. म्हसोबाची पाणंद दाखवली, गवंड्याची विहीर दाखवली. आमच्या वस्तीकडं येणारी ओढ्याकाठची वाट आली तेव्हा म्हटलं, "ही चांगुणाची वाट." चांगुणा माझी आई, जन्मभर त्या वाटेनं रानात भाकरी आणायची. जावई म्हणाले, "सगळे असंच म्हणतात का मामा, की फक्त तुम्ही?" मला राग आला. पण हे गेले खुरपणाऱ्या बायांकडं विचारायला. एक म्हातारी म्हणाली, "दुसरं काय म्हणावं मग? चांगुणाचीच वाट ती." तेव्हा कुठं नाव लागलं. मी विचारलं, "अन् माझं नाव कुठं?" त्यांनी फोनवर नकाशाच्या कोपऱ्यातली मुंगीएवढी ओळ दाखवली, 'नकाशा योगदान देणाऱ्या सर्वांचा'. "यात तुम्ही आलात." मी म्हटलं, "यात तर सगळा गाव आला." ते म्हणाले, "हो." मला ते रुचलं नाही. आमच्या गावात मला गर्दीत मोजत नाहीत.

पुढं मीच एका डेअरीच्या मालकाशी गाठ घालून दिली. जुनी ओळख, जावयाचं काम चोख म्हणून शब्द दिला. हे गिऱ्हाईक लागलं तर कळंबची खोली टिकणार, नाही तर लेकीचं बिऱ्हाड पुण्याला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कळंब म्हणजे सकाळी निघावं, लेकीच्या हातचा चहा पिऊन दुपारी घरी यावं. पुण्याचं तसं नाही.

मालकाला नकाशा आवडला. म्हणाले, "लई भारी. दूध गोळा करणाऱ्या समद्या टेम्पोवाल्यांच्या फोनवर टाकू. फकस्त कोपऱ्यातली ती ओळ काढा. अन् ह्या पाणंदी आमच्यापुरत्याच ठेवा, दुसऱ्या डेअरीचा टेम्पो तिथं याय नको."

जावई म्हणाले, "ओळ काढता येत नाही. आणि पाणंदी सगळ्यांना खुल्या झाल्यात."

"अहो, एवढी बारीक ओळ. असली काय, नसली काय."

"बारीक आहे तर अडचण कसली?"

मालक माझ्याकडं वळले. "आबा, तुमचे जावई धंदा कराय आलेत का कीर्तन?"

चहा न पिताच उठलो. एस.टी.त मी म्हटलं, "माझी नावं काढा नकाशातनं. मी दिली, मी परत घेतो."

"मामा, धोंड्याचं वाण कुणी परत घेतं का?"

"वाण तुम्हाला दिलतं, गावाला न्हाय."

"मी आधीच सांगितलं होतं. तुम्ही व्हय व्हय म्हणालात."

म्हणालो होतो. पण धोंड्याच्या महिन्यात सासरा जावयाला दुसरं काय म्हणणार? फाट्यावर उतरेपर्यंत आम्ही दोन खिडक्यांतून दोन बाजू बघत बसलो.

खोली गेली. बिऱ्हाड पुण्याला गेलं. तिथं एका मोठ्या कंपनीत, कुठल्या मालाला काय अट आहे, हे वाचायचाच म्हणे त्यांना पगार मिळतो. माझं म्हणणं अजून तेच आहे, एका ओळीपायी एवढं करायची गरज नव्हती. तीन वर्षांनी यंदा परत धोंड्याचा महिना आला, पण त्यांना सुट्टी मिळाली नाही. धोंडे झाले, ते आम्ही नवरा-बायकोनीच खाल्ले.

परवा सकाळी गोठ्यापुढं एक अनोळखी टेम्पो येऊन थांबला, परजिल्ह्यातल्या कुठल्या डेअरीचा, दूध गोळा करत आलेला. ड्रायव्हर तरणा, हातात फोन. मी विचारलं, "वाट कुणी दावली रं?"

"फोननं की आजोबा. चांगुणाची वाट धरा म्हणला, धरली." मग हसून म्हणाला, "कोण होती हो ही चांगुणा?"

मी त्याला फोन माझ्यापुढं धरायला लावला. सगळं होतं, ओढा, विहीर, आमची वस्ती. म्हटलं, "त्या कोपऱ्यात काय लिवलंय, वाच."

"एवढं बारीक कोण वाचतंय आजोबा!"

"आमचे जावई वाचतात," मी म्हटलं, आणि त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचेपर्यंत दुधाची कॅन काही त्याच्या हाती दिली नाही.