माझ्या बंद खोलीतला खोकला

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी चार-पाच वर्षं वाचतोय... खरं सांगायचं तर हसायलाच वाचत होतो. आमच्या गुहागरकडे दर पिंपळाला एक आणि दर पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, दोन भुतं असतात, तिथे वाढलेल्या माणसाला कसली भीती! त्यात माझं काम गॅस डिटेक्टर आणि प्रेशर गेजचं. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, हा माझा सरळ हिशोब. मागच्या वर्षी तो बिघडला. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. सुनंदा हे सदर वाचते, म्हणजे आता तिला कळेलच.

मी सुर्वे. सौदीत रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटवर इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर आहे. कॅम्पमध्ये पोर्टा केबिनच्या रांगा आहेत. सतरा नंबरात मी एकटा, अठरा नंबरात दापोलीचे इब्राहिमभाई. ते पाइप फिटर, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मधली भिंत म्हणजे नुसतं पत्र्याचं पार्टिशन. त्यांचा पहाटेचा अलार्म मला उठवतो आणि माझं घोरणं त्यांना झोपू देत नाही, असा अकरा वर्षांचा शेजार.

पन्नाशी आली आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला – आयुष्यभर वाळूच बघितली, एकदा बर्फ बघायचा. फोनवर कुठेतरी लडाखच्या मठातला मुखवट्यांचा नाच बघितला होता. मुलीने शोधून काढलं की तिबेटी नवीन वर्ष, लोसार, फेब्रुवारीअखेर येतं. लेहजवळच्या तिबेटी वस्तीत तिने एका घरी माझी राहायची सोयही करून टाकली. सुनंदा फोनवर म्हणाली, "अंगणातली तुळस बघायला दोन वर्षं आला नाहीत, आणि आधी लडाख!" तिचे गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही. पाच दिवस तिकडे आणि मग घरी, असं ठरलं. दम्मामच्या विमानासाठी मी टॅक्सीत बसलो तेव्हा बॅग डिकीत ठेवायला इब्राहिमभाईच होते. हे लक्षात ठेवा. मी सुट्टीवर गेलो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

घर एका साठीच्या बाईचं. सगळे तिला आमा-ला म्हणत, म्हणजे आई. मुलगा, सून, नातवंडं. पहिले दोन दिवस मी लहान मुलासारखा फिरलो. मठाच्या अंगणात मुखवटे घातलेले भिक्षू गोल गोल नाचत होते, लांबच लांब कर्णे छातीत घुमत होते. वर्षाच्या शेवटच्या दिवसाआधीच्या संध्याकाळी एक सूप करतात, त्यातल्या पिठाच्या गोळ्यांत काहीबाही लपवलेलं असतं. माझ्या गोळ्यात मिरची निघाली – म्हणजे बडबड्या! सगळे खो खो हसले. मग प्रत्येकाने पिठाचा एकेक गोळा अंगावरून फिरवला, आजार-दुखणी त्यात गेली म्हणे, आणि पेटत्या गवताच्या चुडी नाचवत, आरडाओरडा करत ते सगळं घराबाहेर नेऊन टाकलं. आमच्या होळीच्या बोंबा आठवल्या. भुतंखेतं वगैरे काही वाटलं नाही. मजा वाटली.

नवीन वर्षाचा पहिला दिवस शुक्रवार होता. सकाळी पूजा, ताशी देलेक म्हणत गळाभेटी, लोण्याचा खारट चहा. दुपारी सगळे नातेवाइकांकडे आणि मठात निघाले. माझं डोकं उंचीमुळे ठणकत होतं, म्हणून मी मागे राहिलो. खोलीत बुखारी होती, म्हणजे धुराड्याची शेगडी. जाताना आमा-ला बजावून गेली, "सर, खिड़की थोड़ा खुला रखना."

मी हो म्हणालो. आणि ती गेल्यावर बंद केली.

हे लिहिताना आजही हात थांबतो. मी प्लांटवर दर आठवड्याला पोरांना टूलबॉक्स टॉक देतो – बंद जागा, धूर, कार्बन मोनॉक्साइड, वास येत नाही, झोप लागते, खलास! सगळं तोंडपाठ. पण बाहेर उणे बारा होतं आणि फटीतून वारा सुरीसारखा येत होता. म्हटलं, दहा मिनिटं बंद करू, खोली तापली की उघडू. फोनमध्ये पावणेतीन वाजले होते. गादीवर पडलो.

पुढचं मला तुटक आठवतं. धुराचा वास, आणि आपण खोकतोय असं वाटणं. मग खोकलाही दूर गेला. छान ऊब होती. कुणीतरी जड गोधडी अंगावर टाकावी तसं... आणि मी तक्रार न करता आत जात होतो.

तेवढ्यात दार वाजलं.

साधं नाही. पत्र्यावर मूठ आपटल्यासारखं. "सुर्व्या! ए सुर्व्या! दार उघड!"

मला वाटलं मी कॅम्पात आहे आणि ड्युटीची बस चुकतेय. मी म्हणालो, "उठतोय, उठतोय." पाय माझे नव्हतेच. हातांवर सरकत गेलो. आवाज थांबेना, "दार उघड!" कडी कशी काढली आठवत नाही. दार आत उघडलं, मी उंबऱ्यावरून तोंडावर पडलो आणि गालाला बर्फ लागला. पुष्कळ उलटी झाली. मान वर करून बघितलं तर अंगणात कुणी नव्हतं. घरचे गेल्यानंतर दारासमोर भुरभुरलेल्या नव्या बर्फावर एक पाऊल नव्हतं.

दार लाकडाचं होतं, मंडळी. पत्र्याचं नव्हतं.

घरचे आले ते साडेतीनच्या सुमारास. मुलाने मला हॉस्पिटलात नेलं, तिथे ऑक्सिजन लावला. धुराडं वरून बर्फाने अर्धं बुजलेलं निघालं. आमा-ला माझा हात सोडेना, रडत होती. मी सारखं विचारत होतो, दार कुणी वाजवलं? ती म्हणाली, "कोई नहीं था सर. गली में भी कोई नहीं था." डॉक्टर म्हणाले, गॅसमुळे असे भास होतात. मला पटलं. माझ्या मेंदूने अकरा वर्षांचा ओळखीचा आवाज शोधून काढला आणि मला वाचवलं. घरी गेलो, तुळस बघितली, आंबे तयार व्हायच्या आत परत निघालो. कुणालाही एक शब्द बोललो नाही. ज्याचं कामच गॅसपासून माणसं वाचवायचं, त्याने काय तोंडाने सांगायचं?

एप्रिलमध्ये कॅम्पात परतलो. सतरा नंबरच्या दाराला नवं कुलूप, चौकट वाकडी. किल्ली चालेना.

ऑफिसात गेलो तर केरळचे कॅम्प बॉस चिडलेच होते. "सुर्वे, जाते टाइम क्या ऑन रखा था तुम? हीटर?"

"कुछ नहीं. मेन स्विच बंद करके गया था."

त्यांनी इन्सिडेंट रिपोर्ट पुढे सरकवला. शुक्रवार, रमजान सुरू व्हायच्या आदला दिवस. दुपारी पाऊण वाजता. शेजाऱ्याने खोलीतून धुराचा वास येत असल्याचं कळवलं, हारिसने, म्हणजे आमच्या वॉचमनने, पहारीने दार तोडलं. आग नाही, धूर नाही, खोली रिकामी, वीज बंद.

सौदीतला पाऊण म्हणजे आपल्याकडे सव्वातीन. मी तिथेच खुर्चीत बसलो.

संध्याकाळी इब्राहिमभाई ड्युटीवरून आले. मला बघून आधी मिठी मारली, ती जरा जास्तच वेळ. मग नजर चुकवायला लागले. मी म्हणालो, "इब्राहिमभाई, माझं दार का तोडलंत?"

"वास येत होता."

"नुसता वास?"

ते नमाजी माणूस, असल्या गप्पा त्यांना अजिबात चालत नाहीत. कुणी जिनांचा विषय काढला तरी उठून जातात. शेवटी मीच लडाखचं सगळं सांगितलं. तारीख, वेळ, त्यांचा आवाज. ते ऐकत होते आणि त्यांच्या हातातला चहा थंड होत होता.

मग म्हणाले, "तू आत खोकत होतास."

"मी लेहला होतो!"

"मला नाय माहीत कुठे होतास. अकरा वर्षं पार्टिशनपलीकडून ऐकतोय, तुझा खोकला मला कळणार नाय? जुम्याची नमाज पढून आलो, जेवणाचं ताट घेऊन बसलो, आणि तू खोकत होतास. मी दार वाजवलं तर आतनं म्हणालास, 'उठतोय, उठतोय.' हारिसने पण ऐकलं. कुठल्या भाषेत, काय बोललास, ते तो सांगू शकत नाय, पण आत माणूस बोलला म्हणून तर त्याने पहार आणली. दार पडलं... आत गुंडाळलेली गादी. आणि लाकडं जळाल्याचा वास."

मी त्या हारिसला शोधलं. तो नोकरी बदलून हुफूफला गेला होता. फोनवर एवढंच म्हणाला, "सदीक" (म्हणजे मित्रा), "वो बात मत पूछो," आणि ठेवून दिला.

माझा अर्धा भाग डॉक्टरांच्या म्हणण्यात बसतो. इब्राहिमभाईंचा अर्धा भाग कशातच बसत नाही. वायरिंग तपासून घेतलं, शेजारच्या एसीचे डक्टसुद्धा उघडून बघितले. काही नाही. वर्ष होऊन गेलं. शुक्रवारी दुपारी मला खोलीत बसवत नाही, मी जेट्टीकडे उगाच चालत राहतो. कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

एकच गोष्ट त्यांनी मला खूप नंतर सांगितली, बकरी ईदला बिर्याणी खाताना, स्वतःहून. म्हणाले, "सुर्व्या, खरं सांगू? मी लगेच नाय उठलो. म्हटलं, हा तर सुट्टीवर गेलाय, मला भास होतोय. कान बंद करून जेवायला लागलो. पाच-सात मिनिटं तू खोकत होतास आणि मी जेवत होतो."

"मग उठलात कशाला?"

त्यांनी घास ताटात ठेवला.

"तू खोकायचा थांबलास."