ऐकू आलं की बोट वर करा

पनवेलच्या एका कानाच्या दवाखान्यात कृष्णकांतरावांनी एकतीस वर्षं लोकांचे कान तपासले. न्हावा शेवा बंदरातले क्रेनवाले, ट्रेलरचे ड्रायव्हर, शाळेतली मुलं. काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि म्हणायचं, "ऐकू आलं की बोट वर करा. बंद झालं की खाली."

निवृत्तीनंतर नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत कुणी साधा स्पीकर घ्यायचा म्हटला तरी आधी त्यांना विचारी. कानाचा माणूस म्हणत त्यांना, आणि त्यांनाही ते आवडे. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांच्या लक्षात आलं, की बारीक, उंच आवाज आपल्यापर्यंत पोचत नाहीत. पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी तपासून घेतलं नाही, कोणाला सांगितलंही नाही.

शेजारच्या देवेशने होम थिएटर बसवलं, तेव्हा प्रश्न आला प्लेअरचा. दुकानदाराने दोन प्लेअर घरी नेऊन पाहायला दिले होते. एक टीव्हीच्या मागे खोचायची काडी, दुसरी वीतभर पेटी. पेटी मूळ ध्वनिमुद्रण काही न गाळता अॅम्प्लिफायरला देते, काडी ते दाबून, बारीकसारीक वगळून देते, हे कृष्णकांतरावांनीच त्याला समजावलं.

"कागदावरचं राहू द्या, काका," देवेश म्हणाला. "तुम्ही ऐकून सांगा. फरक कळत नसेल तर काडीच घेतो."

याआधी दोन घरांत त्यांनी एक युक्ती केली होती. मूळ आवाज येत असला की अॅम्प्लिफायरच्या पडद्यावर तशी अक्षरं उमटतात. ती हळूच वाचायची, मग डोळे मिटून निकाल द्यायचा. इथे देवेशने पडद्याचा उजेडच बंद केला होता. सिनेमा बघताना डोळ्यांत येतो म्हणे.

त्याने एक भजन लावलं. शेवटचा टाळ वाजला. कृष्णकांतरावांना ठोका ऐकू आला, मागची किणकिण नाही. कोणता ते न सांगता देवेशने प्लेअर बदलला. पुन्हा तेच. देवेश त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. पहिला म्हणाले असते तरी त्याने मान डोलावली असती, दुसरा म्हणाले असते तरीही.

त्यांच्या पत्नी कुमुदताई सोफ्याच्या टोकाला चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

"कुमुद, कप ठेव," ते म्हणाले. "शेवटचा टाळ वाजला की बोट वर कर. आवाज बंद झाला की खाली."

देवेशने दोन्ही प्लेअर त्याच क्रमाने पुन्हा लावले. पहिल्या वेळी बोट वर गेलं आणि लगेच खाली आलं. दुसऱ्या वेळी वर गेलं ते तिथेच राहिलं. कृष्णकांतरावांच्या लेखी खोली शांत झाली होती. बोट मात्र अजून वर होतं. मग ते सावकाश खाली आलं.

"दुसरा ठेव," ते देवेशला म्हणाले. "आणि यापुढे हिला विचारत जा. माझे कान गेलेत. कधीचेच."

देवेश वयाबद्दल काहीतरी पुटपुटला. आपल्या दाराशी आल्यावर कुमुदताई म्हणाल्या, "मला माहीत होतं. थर्मामीटर वाजून गेला तरी तुम्ही काखेत धरून बसता."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

सोमवारी ते जुन्या दवाखान्यात गेले आणि काचेच्या खोलीत, आतल्या खुर्चीवर बसले. त्यांच्याच हाताखाली शिकलेली रुचिरा बाहेर यंत्रापाशी होती. तिला ते वाक्य त्यांना सांगणं जड जात होतं.

"सांग," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगतेस तसं."