मामांचं मिटल्या डोळ्यांचं नाटक

तिकीट काढून, तिसऱ्या रांगेत बसून, सर्वांत जास्त संगीत नाटकं न पाहिलेला माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठेही प्रयोग असू दे, हे कडक इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी हजर. तिसरी घंटा झाली की डोळे मिटायचे, ते पडदा पडल्यावरच उघडायचे. एकदा शेजारच्या तरुणानं घाबरून त्यांना हलवलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "बरा वाटता म्हणानच मिटलंय. तुमी पण मिटा." एरवी मामा चारचौघांसारखं मराठी बोलतात. गाण्याचा विषय निघाला की मात्र मालवणीशिवाय त्यांना सुचत नाही.

संगीत नाटक ही बघायची वस्तूच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. "शत्रू वेशीर इलो म्हणान तो तलवार उपसता," मामा मला समजावत, "आणि हात वर धरून बारा मिनिटां गाता. ऐकलास तर युद्ध पेटता. बघलास तर वाटता, मेल्याचो दंड दुखत असतलो." मीही एकदा त्या नायकाच्या दंडाकडे नीट पाहिलं आणि माझं नाटक कायमचं बिघडलं.

खरा प्रयोग रंगायचा तो मामांच्या मुलुंडच्या घरी, दर रविवारी सकाळी, कॅसेटवर. पहिली बाजू संपली की मध्यंतर. तेव्हा मामींनी बटाटेवडे दिलेच पाहिजेत, कारण वड्याशिवाय दुसरा अंक चढत नाही. पदातली एखादी जागा आवडली की मामा टेपरेकॉर्डरला खणखणीत "वन्स मोअर" देत आणि मग स्वतःच गुडघे धरून उठत, कॅसेट मागे घेत. खालच्या मजल्यावरून एकदा कुणीतरी "पुरे आता" असं ओरडलं. मामांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "पिटातले प्रेक्षक." मामी मला हळूच म्हणाल्या, "लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला एकदा वन्स मोअर नाही मिळाला."

या कॅसेटी ऐकत त्यांची नात मोठी झाली. शिकवणी नाही, पेटी नाही, नुसतं आजोबांच्या मांडीवर बसून ऐकणं. त्यामुळे झालं काय, की एका पदात जिथं जुनी टेप गुंतून तुटली होती आणि मामांनी चिकटपट्टीनं जोडली होती, तिथं अर्धी ओळ गाळून पोरगी पुढच्या ओळीवर उडी मारायची. गेल्या वर्षी तिला एका हौशी संस्थेत नायिकेचं काम मिळालं, तेव्हा पहिल्याच तालमीत तबलजी थांबला आणि म्हणाला, "ही गायकी कुठली गं?" ती उडी मोडायला तिला दोन महिने लागले.

प्रयोग रविवारी दुपारी होता. मी मामांच्या शेजारी बसलो होतो. तिसरी घंटा झाली आणि सवयीनं मामांचे डोळे मिटले. नात आली, गायली, टाळ्या घेऊन गेली, यांची पापणी हलली नाही. मध्यंतरात माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. तो मी त्यांना वाचून दाखवला. "काका, आजोबांना विचार ना, मी त्यांना दिसतच नाही का?"

मामांनी हातातला वडा तसाच खाली ठेवला.

"जावयांनू," ते म्हणाले, "परळच्या चाळीत गणपतीत नाटक व्हायचा. फुडे जागा गावायची नाय. आमी पोरां स्टेजच्या मागल्या कनातीआड बसायचों. दिसायचा काय नाय. मगे नायिका मी माझीच बनवलंय. हिरवा लुगडा, नाकात चमकी, आणि वायच तिरळी."

"तिरळी का?"

"ता माका म्हायत नाय. पण आसा तशी. साठ वर्षां झाली, तेवढीच आसा, सोळा वर्षांची. डोळे उघडलंय की ती जाता."

दुसरा अंक सुरू झाला. नातीचं पद आलं, ती पुढे येऊन उभी राहिली आणि सरळ तिसऱ्या रांगेकडे बघू लागली. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि डोळे उघडले. पद संपेपर्यंत मिटले नाहीत. पोरीनं ते पाहिलं. तिचा आवाज असा काही मोकळा सुटला, की वन्स मोअर सगळ्या थिएटरनं दिला. फक्त मामा द्यायचे विसरले.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर कॅसेट चालू होती आणि मामा डोळे मिटून बसले होते. मला बरं वाटलं. पण पहिलं पद संपायच्या आतच त्यांनी बटण बंद केलं.

"आता डोळे मिटलंय तरी आमचा चेडू, आमची नातच दिसता," मामा म्हणाले.

"मग चांगलंच झालं की, मामा."

"झाला तर. तिच्याबरोबर दुसरी कोणी नाय." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पण त्या तिरळ्या पोरीचो मी निरोपसुद्दा घेवक नाय."