सूर्य चालू आहे, बंद करू नये

आमच्या फिजिक्स लॅबमध्ये नवीन वस्तू सहसा येत नाही, आणि आलीच तर मागोमाग किस्से घेऊन येते. यंदा एक लॅपटॉप आला, त्यात एक सॉफ्टवेअर आलं, आणि महिनाभरात इतके किस्से साचले की स्टाफरूममध्ये आता प्रत्येकाची आपापली आवृत्ती आहे. मी सांगतो ती खरी. कारण सगळ्यात जास्त गोंधळ माझाच उडाला होता!

मी अनसिंगजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पुण्याच्या एका संशोधक सरांना जागोजागी रेडिओची केंद्रं हवी होती; त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं, लॅपटॉप त्यांनीच धाडला. गाण्यांचा रेडिओ नव्हे. पाणबुड्यांना निरोप धाडायला फार कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी सोडतात, त्या वर आयनमंडळाच्या थरावर आपटत आपटत आपल्यापर्यंतही पोचतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तो थर बदलतो, लहरी जोर धरतात आणि सॉफ्टवेअरमधली रेघ टुणकन वर जाते. मला कळलं ते एवढंच, आणि तेही आता.

सुदामभाऊ आमचे लॅब अटेंडंट. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. लॅपटॉपचा खोका उघडला त्या दिवशी ते म्हणाले, "सर, तीस वर्षं मी दुसऱ्याचे प्रयोग मांडले. हा एक मले पाह्यचा हाय. जाच्या आंधी सूर्याचा एक तरी फटाका दाखवा मले."

"दाखवतो ना!" मी म्हणालो. सूर्य जणू माझ्याच टाइमटेबलवर चालतो!

*

अँटेना म्हणजे लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तांब्याची तार. ती आणायला आम्ही दोघं वाशीमला गेलो. दुकान एका जैन शेठजींचं, मोटर वाइंडिंगचं सगळं सामान तिथे मिळतं.

"किती एचपीची मोटर?" शेठजींनी विचारलं.

"मोटर नाही, शेठजी."

"मग पंखा? मिक्सर?"

मी त्यांना पंधरा मिनिटं आयनमंडळ समजावलं. शेठजी अगदी मन लावून मान डोलवत होते. मग त्यांनी सुदामभाऊंना हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "सरांना पाहिजे काय नेमकं?"

"सूर्य पकडाचा हाय कॉलेजात."

"मग असं सांगा ना! सोलरवाले मागच्या गल्लीत बसतात!"

*

तार मिळाली. जुन्या नोटीस बोर्डाची चौकट काढून सुदामभाऊ शंभर वेढे घ्यायला बसले. ऐंशीच्या आसपास प्राचार्यांनी हाक मारली आणि आकडा डोक्यातून गेला. मी म्हटलं, असू द्या भाऊ, दोन-चार इकडेतिकडे झाले तर सूर्याला काय कळतंय? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप तासावर निघून गेलो. त्यांनी सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

*

सॉफ्टवेअर मी बसवलं. म्हणजे येईल तिथे 'नेक्स्ट' दाबत गेलो. दुसऱ्याच दिवशी रेघ हलायला लागली! सकाळी अकराला जोर, दुपारी दोनला जोर आणि रविवारी एकदम शांत. मी भारावून गेलो. बारावीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून आयनमंडळाची दिनचर्या शिकवली, पोरांनी वहीत उतरवून घेतली.

चार दिवसांची फाईल पुण्याला धाडली. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"सर, अँटेना जोडली आहे ना?"

"म्हणजे काय! शंभर वेढ्यांची आहे."

"नाही, मी फाईल ऐकून पाहिली. तुमच्या आयनमंडळात कोणीतरी चहात साखर जास्त झाली म्हणतंय."

सॉफ्टवेअर अँटेना सोडून लॅपटॉपचा माइक ऐकत होतं! लॅब आणि स्टाफरूम यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त प्लायवूडचं पार्टिशन आहे. सुदामभाऊंनी शांतपणे विचारलं, "सर, त्या माइकचं बटन कुठं हाय?" सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ते बंद केलं. त्या चार दिवसांत स्टाफरूममध्ये पुण्याच्या सरांबद्दल कोण काय बोललं होतं, ते आठवत मी घरी गेलो.

*

मग खरी रेघ आली. पण रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तुटायची. मी ड्रायव्हर बदलले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सूर्य मावळताना सिग्नल बदलतो हे वाचलं होतं, म्हणून म्हटलं, तसंच काही असेल.

एकदा उशिरापर्यंत थांबलो आणि सूर्याचं गुपित कळलं. ठोक्याला पाच वाजले, सुदामभाऊ आले आणि लॅबच्या दाराशेजारचा कॉलेजचा मेन स्विच खाडकन खाली! लॅपटॉपची म्हातारी बॅटरी त्यानंतर कशीबशी अर्धा तास तग धरायची.

"भाऊ, हे काहून बंद केलं?"

"कॉलेज सुटल्यावर लाइट चालू ठेवाची? तीस वर्षांत ठेवली नाही म्या!"

मी पुन्हा सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी मेन स्विचवर त्यांच्या वळणदार अक्षरात कागद चिकटलेला होता: 'सूर्य चालू आहे. बंद करू नये.'

*

आमच्या प्राचार्यांना कॉलेजची शिस्त फार प्यारी. आलेख बघायला आले आणि त्यांचा चेहराच उतरला. जगभरच्या केंद्रांची वेळ एक असावी म्हणून सॉफ्टवेअर लंडनकडची वेळ धरतं. त्यामुळे आलेखात आमचा सूर्य रात्री एक वीसला उगवत होता आणि दुपारी सव्वाबाराला मावळत होता.

"उद्या तपासणीवाले आले तर काय सांगू?" ते म्हणाले. "आपल्या कॉलेजात सूर्य टायमातच उगवला पाहिजे!"

मी तासावर गेलो होतो तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी लॅपटॉपचं घड्याळ साडेपाच तास पुढे केलं. आलेखात मधोमध खड्डा पडला. साडेपाच तास सूर्यच नाही!

सुदामभाऊंनी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. त्यांचे आता आठच दिवस उरले होते.

"सर, हे साडेपाच तास माह्या नोकरीतून गेले का?"

*

एवढ्यात रेघ उसळायला लागली होती. दिवसातून दोन-दोनदा! पण प्रत्येक उसळीला सुदामभाऊंचा एकच प्रश्न असायचा, "याचं बटन कुठं हाय?" आणि ते बटन शोधूनच परत यायचे. एकदा ऑफिसातल्या बाबूंचा मोबाइल चार्जर निघाला. एकदा जिन्यातली लुकलुकणारी ट्यूबलाइट. एकदा तर शिवारातल्या सगळ्या मोटारी निघाल्या, कारण हरभऱ्याला पाणी द्यायची थ्री फेज लाइन त्याच वेळेला आली होती. दर वेळी त्यांचा चेहरा आधी उजळायचा आणि मग ते मान खाली घालून बटन बंद करून यायचे. मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी सेकंदाला एक, सेकंदाला एक अशा नेमक्या रेघा दिसायला लागल्या. घड्याळासारख्या! आता मी एमएस्सी आहे, मला अक्कल पाहिजे होती. पण मी वर्गात जाऊन सांगितलं, "मुलांनो, हा बहुतेक दूरचा एखादा फिरणारा तारा आहे!"

सुदामभाऊ आपला जुना ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर पडले. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवला की त्यातही तीच टकटक ऐकू यायची. जिकडे आवाज वाढेल तिकडे ते बांधाबांधानं चालत गेले. तासाभरानं परत आले. उजवा हात झटकत होते.

"सर, तुमचा तारा सापडला. हात लावून पाह्यला म्या त्याले!"

शेजारच्या गणेशरावांनी नीलगायी, म्हणजे आमच्याकडचे रोही, आणि डुकरं यांच्यासाठी शेताभोवतीच्या तारेला झटका मशीन लावलं होतं आणि सकाळी ते बंद करायचं विसरले होते. आम्ही विनंती करायला गेलो तर ते म्हणाले, "दिवसा बंद ठेवतो ना बाप्पा, रोही काही दिवसा येत नाही. पण तुमचा फटाका येऊन राह्यला का?"

परतताना मी बडबडत होतो, सुदामभाऊ बांधावरून झपझप पुढे चालत होते. मी उगाच शब्द देऊन बसलो होतो, याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनला सुदामभाऊंचा निरोप समारंभ. त्यांचीच अट होती की माइक नको, मंडपवाल्याचे लाइट नको, रेघ खराब होते. प्राचार्य घसा फोडून भाषण करत होते आणि मागच्या ओळीला फक्त त्यांचे हात दिसत होते.

शाल झाली, श्रीफळ झालं, हार गळ्यात पडला. तेवढ्यात बाबू लॅबकडून धावत आले. "सर! रेघ गेली वर!"

भाषण तिथेच थांबलं. प्राचार्य, प्रमुख पाहुणे, पोरं, सगळे लॅबमध्ये घुसले. रेघ सरळ वर चढली होती आणि आता हळूहळू, तिरकी, खाली यायला लागली होती. अशी आम्ही महिनाभरात पाहिली नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात सुदामभाऊ म्हणाले, "थांबा सर. कोठीतरी काहीतरी चालू असन."

आणि ते निघाले. शाल खांद्यावर, हार गळ्यात, नारळ हातात. ऑफिसचा पंखा बंद केला. जिन्यातली ट्यूब काढली. सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, प्रमुख पाहुण्यांचासुद्धा. गणेशरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी जाऊन मशीन बघून आले, ते बंदच होतं. मोटारीही बंद होत्या. रेघ तशीच होती, आपल्या चालीनं उतरत.

शेवटी ते मेन स्विचपाशी आले. आपल्याच हातानं लावलेला कागद त्यांनी सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि स्विच खाली ओढला. पूर्ण कॉलेज बंद. कुठेच कशाचा आवाज नाही.

बॅटरीवर लॅपटॉप तेवढा चालू होता. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो. रेघ विस्कटली नव्हती, तुटली नव्हती. वरूनच, सावकाश, खाली येत होती.

सुदामभाऊंनी नारळ टेबलावर ठेवला. वाकून रेघ नीट पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"सर, याचं बटन आपल्यापाशी नाही ना!"