मुका झालेला मेंढीकोट

आमचा पत्त्यांचा खेळ कुणी दृष्टी नसलेलं माणूस खेळत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी तो अमरावतीत माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसून केला. दिवसभर दुसऱ्यांची कामं असायची, दवाखान्यांचे प्रोग्राम, शाळांच्या वेबसाइट. उरलेल्या वेळात हा मेंढीकोट. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात, पोळ्याच्या दुपारी, कुठंही चार माणसं जमली की हा डाव पडतो. दोघं दोघं जोडीदार. प्रत्येक रंगाची दश्शी म्हणजे एक मेंढी. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या धरल्या ती जिंकली. आम्ही तो संगणकावर आणला. आधी मशीनबरोबर खेळायचा, मग इंटरनेटवर एकमेकांशी खेळायचा.

पहिली आवृत्ती मी लिहिली. मला चित्रं काढता येत नव्हती, त्यामुळे पत्ता म्हणजे एक साधं चौकोनी बटण आणि त्यावर लिहिलेलं, ‘बदाम राणी’, ‘किलवर सत्ती’. दिसायला तो खेळ बँकेतल्या अर्जासारखा होता. तरी लोक खेळत. संध्याकाळी आमच्या ऑनलाइन खोलीत बऱ्यापैकी माणसं असायची, त्यातली बरीच वऱ्हाडातलीच असावीत असं त्यांच्या टोमण्यांवरून वाटायचं.

काही वर्षांनी मावसभावाला तो नवा करायचा होता. तो मूळचा नांदगाव खंडेश्वरचा, घरी शेती, आणि शिकून झाल्यावर अमरावतीतच राहिलेला. त्याचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं आणि त्याला घाई असते. त्यानं खेळ बनवायचं एक नवं साधन शिकून घेतलं होतं. त्यात पत्ते खरोखरच्या पत्त्यांसारखे उलटायचे, हुकूम पडला की टेबल हलायचं. अडचण एकच होती. हे साधन संगणकाच्या जुन्या सिस्टीमवर चालत नव्हतं. नवा खेळ काढायचा तर जुन्या मशीनवाल्यांना सोडून द्यावं लागणार होतं.

यावर आमचे बरेच दिवस गेले. माझं म्हणणं असं होतं की आपल्याकडे मशीन कुणी सहजासहजी बदलत नाही. झेरॉक्सच्या दुकानात, टायपिंगच्या क्लासमध्ये, कुणाच्या घरी मुलगी शिकून पुण्याला गेल्यावर मागे राहिलेलं, असं ते वर्षानुवर्षं चालत राहतं. तो म्हणायचा, जुन्या सिस्टीमवर खेळ बंद पडला की तक्रार आपल्याकडे येते, आणि तो का बंद पडला ते शोधायला आपल्याकडे तसं एकच मशीन आहे, तेही तापतं. एका जागचं दुरुस्त केलं की दुसरीकडे बिघडतं. शिवाय त्या सिस्टीमला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही, तिच्यावरून लोकांना ऑनलाइन खेळायला बोलावणंच बरोबर नाही.

“ज्यायनं ते सिस्टीम बनवली, त्यायनंच सोडून देली,” तो म्हणाला. “आपण काहून धरून बसाव? ताई, चार लोकायसाठी बाकीच्यायले किती दिवस मांगं ठेवतं?”

त्याचं चूक नव्हतं. मी हो म्हटलं. खेळ उघडला की समोर येईल अशी सूचना आम्ही लावली, काही महिने ती राहू दिली, आणि मग जुनी ऑनलाइन खोली बंद करून नवा खेळ सुरू केला. बहुतेकांना तो आवडला. काहींनी शिव्या दिल्या, त्या आम्ही धरूनच चाललो होतो.

फोन आला तो त्यानंतर थोड्या दिवसांनी, अकोल्याहून, एका बाईंचा. बाईंचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा होता. त्यांनी आधी मेंढीकोट आमचाच ना, याची खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, “तुमचा खेळ मुका झाला. हे तुम्हाला माहीत आहे का?”

मला वाटलं आवाज येत नसेल. स्पीकर तपासा वगैरे मी सांगू लागले. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग शांतपणे सांगितलं की त्यांना दिसत नाही, लहानपणापासून. त्या कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांच्या संगणकात एक वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, तो स्क्रीनवरची अक्षरं मराठीत बोलतो. माझी ती साधी बटणं तो वाचत होता. बदाम राणी म्हटलं की त्यांना कळायचं, हातात बदाम राणी आहे. रोज संध्याकाळी त्या आमच्या खोलीत खेळत होत्या. समोरच्या कुणालाही त्यांच्या न दिसण्याचा पत्ता नव्हता, आणि ते त्यांना बरं वाटत होतं. आता जुन्या मशीनवर खोली उघडत नव्हती. भाचीच्या नव्या लॅपटॉपवर त्यांनी नवा खेळ लावून पाहिला, तर प्रोग्राम खेळाचं नाव बोलला आणि गप्प बसला.

कारण मला लगेच कळलं. नव्या साधनात पत्ता हे चित्र होतं. त्यावर माणसाला अक्षर दिसतं, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला तिथं काहीच नसतं. मी चित्र काढू शकत नव्हते म्हणून जुना खेळ त्यांच्या उपयोगाचा झाला होता. यात माझं कौतुक करण्यासारखं काही नव्हतं.

मावसभावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, हा प्रश्न जुन्या सिस्टीमचा नाही, आपल्या चित्रांचा आहे, ते दोन वेगळे ठेव. तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. मी म्हटलं, आपण जाऊन पाहू. तो नको म्हणाला नाही.

रविवारी आम्ही एस.टी.नं अकोल्याला गेलो. बाई एकट्याच राहत होत्या, पहिल्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं, चहा त्यांनीच केला, सोबत कोपऱ्यावरून आणून ठेवलेले आलुबोंडे होते. संगणक खिडकीजवळच्या टेबलावर होता. त्याला कीबोर्ड होता, स्पीकर होते, आणि स्क्रीन नव्हती. मावसभावानं ती कुठं आहे म्हणून इकडं तिकडं पाहिलं. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. स्क्रीन शेजारच्यांच्या मुलीला अभ्यासाला देऊन टाकली, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी जुना खेळ लावला, मशीनबरोबरचा. स्पीकरमधून जो आवाज आला तो मराठी आहे हेच आधी कळेना. मका भाजताना दाणे तडतडतात तसा तो पुढं पळत होता, आणि त्यांची बोटं त्याच्याबरोबर. एक डाव संपला तरी आम्हाला हुकूम कोणता ते समजलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वेग खाली आणला तेव्हा एक पुरुषी, किंचित नाकातला आवाज ऐकू आला, ‘इस्पिक एक्का, इस्पिक नव्वी’.

मग त्या मावसभावाकडे वळल्या. आतापर्यंत त्या पुस्तकी मराठीत बोलत होत्या. “आता सांगा,” त्या म्हणाल्या. “तुमी जुनं बंद काहून केलं?”

त्यानं सगळं सांगितलं. तक्रारी, तापणारं मशीन, सुरक्षेची दुरुस्ती, आम्ही दोघंच आहोत हेही. सारवासारव केली नाही. त्या नीट ऐकत होत्या. मग त्यांनी आपली अडचण सांगितली. नवं मशीन घेणं त्यांना जड नव्हतं, पगार चांगला होता. पण हा जो आवाज होता तो कुणीतरी त्या जुन्या सिस्टीमसाठी केलेला. करणाऱ्यानं नंतर ते काम सोडलं, आणि नव्या सिस्टीमवर तो चालत नाही. त्यांनी एम.ए.ची पुस्तकं याच आवाजात ऐकली, प्रबंध याच आवाजाकडून वाचून घेऊन तपासला.

“तुमी म्हणता मशीन बदला. मशीन बदलीन मी,” त्या म्हणाल्या. “आवाज कोठून आनू?”

मावसभाऊ एवढंच म्हणाला की जुन्या सिस्टीमवर नवा खेळ आणणं त्याला जमणार नाही, पण नवा खेळ तो बोलता करेल. त्या म्हणाल्या, करा, पाहू. त्यांच्या सुरात आशा नव्हती. परतीच्या गाडीत त्यानं मूर्तिजापूरपर्यंत डोळे मिटून ठेवले होते. तो झोपला नव्हता.

पहिला उपाय माझा होता. मी सगळ्या पत्त्यांची नावं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली, स्पष्ट, सावकाश, रेडिओवर बोलावं तशी. आम्ही ती खेळात घातली, आणि बाईंनी भाचीच्या लॅपटॉपवर खेळून पाहून फोन केला. आवाज छान आहे, त्या म्हणाल्या, पण तुमचं ‘इस्पिक’ म्हणून होईस्तोवर माझं मन पुढच्या दोन पत्त्यांवर गेलेलं असतं. लहान मुलाला सांगावं तसं मला कशाला सांगता? मला थोडं लागलं. ते रेकॉर्डिंग मी काढून टाकलं.

त्यानंतर मावसभावानं ते काम स्वतःकडे घेतलं. प्रत्येक चित्रामागं पत्त्याचं नाव ठेवायचं आणि ते वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती द्यायचं, म्हणजे ज्याला जो आवाज आणि जो वेग हवा त्यात तो ऐकेल. सांगायला सोपं आहे. आम्ही घेतलेल्या साधनात त्याची सोय नव्हती, त्याला ती खालून बांधावी लागली. मध्येच त्याच्याकडे सोयाबीन काढायला आलं आणि तो नांदगावला गेला. परत आल्यावर आपणच काय लिहिलं होतं ते त्याला आठवेना. कापूस घरात येईपर्यंत ते काम चाललं. या काळात मी एकदा विचारलं की तोवर जुनी ऑनलाइन खोलीही पुन्हा चालू करू या का. तो नाही म्हणाला. एक तर हे होईल नाही तर ते, दोन्ही होणार नाही. शेवटी आम्ही जुना खेळ खोलीशिवाय, फक्त मशीनबरोबर खेळता येईल असा, वेबसाइटवर ठेवून दिला. बाई तो खेळत होत्या, पण मशीन हरल्यावर चिडत नाही, त्यात काय मजा, असं त्यांनी ऐकवलं.

नवा खेळ बोलू लागला तेव्हाही त्या खेळायला आल्या नाहीत. त्यांच्या घरी जुनंच मशीन होतं आणि खेळासाठी ते बदलायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मला ते पटलं. मावसभाऊ मात्र हिरमुसला. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच वापरलं नाही, असं तो एकदोनदा बोलून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. मेंढीकोटाबद्दल नव्हता. परीक्षेचे गुण ज्या वेबसाइटवर भरायचे ती त्यांच्या मशीनवर उघडेनाशी झाली होती, बँकेची तर आधीच बंद झाली होती. आता नवीन घ्यावंच लागेल, तर कोणतं घेऊ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आम्ही नुसता एक पत्त्यांचा डाव होतो. आमच्याशिवाय त्यांचं चाललं असतं. बाकीच्यांशिवाय चालणारं नव्हतं.

मशीन मी निवडून दिलं आणि मावसभाऊ अकोल्याला जाऊन ते लावून आला. नव्या सिस्टीमवर मराठीचा दुसरा एक आवाज होता, बाईचा. तो ‘डाळ’ला ‘डाल’ म्हणायचा आणि जोडाक्षरावर अडखळायचा. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. वाक्य कानावर पडायचं पण आत उतरायचं नाही. वर्गावर जाण्याआधी एक प्रकरण ऐकायला पूर्वीपेक्षा खूप जास्त वेळ लागायचा, आणि डोकं दुखायचं. त्यांनी वेग अगदी खालून सुरू केला आणि हळूहळू वाढवला. या वयात परत पहिलीत बसवलं मला, असं त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. जुनं मशीन त्यांनी कुणाला दिलं नाही. तुम्ही ते अजून लावता का, असं मी विचारलं, तर त्यांनी विषय बदलला.

दिवाळीनंतर कधीतरी त्या आमच्या खोलीत दिसू लागल्या. पूर्वीइतक्या जिंकत नव्हत्या. त्यांच्याकडून ऐकून आणखी काही दृष्टी नसलेली माणसं आली, कुणी वाशीमचं, कुणी यवतमाळचं. मावसभाऊ दुसऱ्या नावानं खेळतो आणि पुष्कळदा बाईंचा जोडीदार असतो. तो कोण आहे हे त्यांना माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. चुकीचा हुकूम बोलला की त्या त्याला झापतात, एवढं मी पाहिलं आहे.

यंदा पुन्हा तोच प्रश्न आला. आमचं खेळ बनवायचं साधन आणखी एका जुन्या सिस्टीमवर चालायचं बंद होणार आहे. या वेळी मावसभावानंच मला आधी विचारलं, “मॅडमले इचारलं का?” मी फोन केला. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या, संध्याकाळी करा म्हणाल्या. संध्याकाळी केला तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“मी तर आता नव्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “मले इचारून काय उपयोग? जे त्याच्यावर बसून राहिले, त्यायले इचारा.”

म्हणून आम्ही खेळाच्या पहिल्या पानावर साधा प्रश्न लावला. तुम्ही ही सिस्टीम का वापरता? उत्तरं येत आहेत. रिद्धपूरच्या एका बाईंनी लिहिलं आहे की त्यांच्या भरतकामाचं मशीन फक्त याच सिस्टीमशी बोलतं, दुपारी भरतकाम चालू असताना त्या एक डाव खेळतात. एकानं लिहिलं आहे, आळस. मावसभाऊ म्हणतो, आळसाला आपण एक वर्ष देऊ, जास्त नाही. भरतकामाच्या मशीनचं काय करायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.