मुळा उपट

अमेयच्या नव्या गाडीत मागे बसले की दारं आपोआप खट्कन लॉक होतात आणि माझा हात हँडलकडे जातो. "आई, रिलॅक्स," तो आरशातून बघत म्हणतो. पण तापलेल्या सीटचा वास आला की मला स्वस्थ बसवत नाही.

तेव्हा तो तीन वर्षांचा होता. अमेरिकेत, टेक्ससमधल्या शुगर लँडला एका दुकानाबाहेर मी त्याला आणि पर्सला आमच्या जुन्या गाडीत ठेवलं, दार लावलं आणि दुकानाची सामानाची ढकलगाडी परत ठेवायला वळले. त्या दाराचं लॉक सैल झालं होतं. दणका बसला की खिडकीजवळची खुंटी आपोआप खाली पडायची. तशीच ती पडली. बाकीची दारं आधीच बंद, आणि किल्ली पर्समध्ये.

ऊन रणरणत होतं. अमेय आत रडून लालबुंद झाला. माणसं जमली. एक जण काचेच्या फटीतून तार घालत होता, एक बाई खुंटीकडे बोट दाखवून त्याला इंग्रजीत सांगत होती. त्याला इंग्रजी कुठं येत होतं? परक्या लोकांसमोर तोंड उघडायचा मला धीर होईना. पण त्याचं रडणं मंदावलं, तशी मी काचेला तोंड लावून ओरडले, "अमू, तो मुळा उपट! आपल्या परसातला उपटतोस ना, तसा!"

त्यानं दोन्ही हातांनी खुंटी धरून ओढली.

दार उघडून मी त्याला घामासकट छातीशी धरलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा एवढं ओरडल्याची मला लाज वाटली. आज मात्र तो मुळा सुचलाच नसता तर, या विचारानं जीव कासावीस होतो. तेव्हा अमू माझ्या कडेवरून खुंटीकडे बघत पुन्हा रडायला लागला होता. "आई, मुळा निघतच नाही!"